नळ नऊलाच का येतो

माझ्या राजकीय कारकिर्दीचा पाया संडास आहे. हे मी लाजत सांगत नाही, कारण अख्ख्या गावाला ते माहीत आहे. पंचायतीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून दोघांचे अर्ज होते. समोरच्यानं घरी संडास असल्याचा दाखला जोडला नव्हता, मी जोडला होता. त्याचा अर्ज बाद झाला आणि मी बिनविरोध सदस्य झालो. गुलाल झटकत घरी आलो तर बायको दारातच उभी. म्हणाली, "संडास बांधा म्हणून दोन वर्षं मांगं कोण लागलं होतं? मी. अन् सदस्य कोण झालं?" मी गुलाल धुवायला न्हाणीत गेलो. 

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत मी दोनदा येतो. एकदा बाप म्हणून आणि एकदा पंचायतीचा सदस्य म्हणून. दोन्हीकडे माझी कामगिरी सारख्याच दर्जाची आहे.

आमच्या लेकीनं बारावीनंतर पुण्याच्या एका कॉलेजात नाव घालायचं ठरवलं. विषय, पब्लिक पॉलिसी. मी बापाला शोभतील असे तीन प्रश्न विचारले. हे नेमकं काय असतं, यानं नोकरी लागते का, आणि होस्टेल आहे का. तिसऱ्याचं उत्तर तिनं नीट दिलं. कोर्स किती वर्षांचा, हेही विचारलं होतं. पण तो तीनचा की चारचा हे ज्या पॉलिसीनं ठरायचं, तीच मधे बदलली होती म्हणे. मला वाटलं, चला, अभ्यासाला विषय तरी घरचाच मिळाला.

खरी परवानगी आबांची लागणार होती. आबा म्हणजे माझे वडील. वावर माझ्या नावावर झालं तरी घरातला शेवटचा शब्द अजून त्यांच्याच नावावर आहे. एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं, आणि कोणत्या, ते सोयीनं बदलतं. लेक त्यांच्यासमोर बसली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "आबा, मी सार्वजनिक धोरण शिकणार आहे."

"धरण?" आबा खूश झाले. "म्हंजे इंजिनेर."

"धरण नाई आबा. धो-रण. पॉलिसी."

"असं म्हण ना मंग. पॉलिसी." आबा खाटेवर सरसावून बसले. "चांगली लाईन हाय. पावसापाण्याचं काम नाई. शिक."

आबांच्या हिशेबी आमच्या पंचक्रोशीत शिकून वर आलेला माणूस एकच, कामरगावचा पॉलिसीवाला. विम्याच्या पॉलिस्या विकून त्यानं दुमजली घर बांधलं आणि दरवर्षी फुकट कॅलेंडर वाटलं. लेक पुढचं सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला. आबा हो म्हणाले होते. हो म्हटलेल्या माणसाला जास्तीची माहिती द्यायची नाही, हे मी पंचायतीत शिकलो होतो. मी आबांना खोटं काहीच सांगितलं नाही. खरं जरा सवडीनं सांगू, एवढंच ठरवलं.

सवड काही मिळाली नाही. आबांनी मात्र कामरगावच्या बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलं, की नात पुण्याले पॉलिसीचा मोठा कोर्स करून राह्यली. आसेगावच्या माझ्या मावसभावानं तर आपला विमा काढायचा थांबवला. दिवाळीत घरी आला आणि लेकीला म्हणाला, "तू पास हो, मंग तुयाजवयूनच काढतो." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता, तरी पाहत राहिलो.

दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टात लेक पंधरा दिवसांसाठी घरी आली. फील्डवर्क होतं, म्हणजे जे पुस्तकात शिकलो ते गावात जाऊन पाहायचं. आली ती गप्प. दोन दिवस आईनं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता विचारलं, "काय झालं व?"

झालं ते असं. वर्गात मॅडमनी विचारलं, ग्रामसभेचे प्रकार सांगा. वर्गातली पोरं एरवी अशा देशांची उदाहरणं देतात की मला ते नकाशात सापडायचे नाहीत. पण गावाचा प्रश्न आला तशी सगळी आमच्या लेकीकडे वळून पाहू लागली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "महिला सभा, वॉर्ड सभा आणि तहकूब सभा."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या म्हणे, पण नंतर.

आता यात पोरीची चूक नाही. तहकूब म्हणजे माणसं भरली नाहीत म्हणून पुढे ढकललेली. पण आमच्या गावात जन्मलेल्या माणसाला हे कळायला काही मार्गच नाही. आमच्याकडे लहानपणापासून ऐकू येतं ते असंच, की पंधरा ऑगस्टची तहकूब झाली, आता दोन ऑक्टोबरची तहकूब आहे. मीसुद्धा सदस्य होईपर्यंत ते तिचं आडनाव समजत होतो.

ग्रामसभेला कोरम लागतो. आमच्याएवढ्या गावाला शंभर माणसं. शंभर माणसं कधीच जमत नाहीत. मग ग्रामसेवक, ज्याला आम्ही सचिव म्हणतो, ते अर्धा तास घड्याळ पाहतात आणि सभा तहकूब करतात. आणि कायद्यातली गंमत अशी की तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. म्हणजे आठ दिवसांनी पंचायतीच्या खोलीत एक टेबल, त्याभोवती सरपंचबाईंचे मालक, सचिव आणि चहा, एवढ्यावर अख्ख्या गावाची सभा होते. सह्यांचं रजिस्टर पंचायतीचा शिपाई घरोघर फिरवतो. माझी सही मी बहुतेक वेळा खाटेवर बसून केली आहे. एकदा तर अंघोळ अर्धी सोडून केली. रजिस्टरात त्या पानावर अजून साबणाचा डाग आहे.

मॅडमनी लेकीला सांगितलं, तुझ्या गावाचाच अभ्यास कर. लोक सभेला का येत नाहीत ते शोध.

"आई," लेक म्हणाली, "जे मी शिकून राह्यली ते आपल्या गावात कवाच झालं नाई. एकदाही नाई. मंग मी कायले शिकून राह्यली? या पंधरा ऑगस्टले एक सभा पुरी झालेली पाहाची हाय मले. नाई झाली तर कारंज्याले बी.ए.ले नाव घालते. घरून येणंजाणं करीन."

रडून बोलली असती तर मी समजूत काढली असती. ती बोलली कशी, तर दुकानात साडी पाहून, घडी घालून परत द्यावी तशी. बायको भाकरी तव्यावर टाकायची विसरली. मी म्हटलं, "होईन ना सभा. न व्हायले काय झालं?" बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की गेली चार वर्षं ती न व्हायला जे जे झालं, त्यात माझ्या सह्या आहेत.

लेक कामाला लागली. वही घेऊन आमच्याच वावरात गेली. सोयाबीनमध्ये निंदण चालू होतं. निंदणाच्या टोळीची मुख्य बाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल आणि तोंडानं चाळीस वर्षांनी. लेकीच्या हातात वही पाहून ती म्हणाली, "पयले खुरपं धर. मंग विचार."

लेक खुरपं घेऊन बायांच्या ओळीत बसली. मी धुऱ्याच्या बांधावर उभा राहून देखरेख करत होतो, म्हणजे उभा होतो.

"काकू, ग्रामसभेले काहून येत नाई तुमी?"

"किती वाजता असते?"

"दहाले."

"आता किती वाजले?"

"दहा."

"मंग मी कोठी हाय?"

"वावरात."

"झालं ना. लिहून घे." सगळ्या टोळीला हसू आलं. मग बाई माझ्याकडे न पाहता, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "अन् आलो तरी काय होते? नळ नऊ वाजता येते. आमी सातले घर सोडतो. पाणी भराले घरी मागं कोण? दिवसभर इथं वाकाचं, अन् संध्याकायी हापशीवर लाईन लावाची. तुया पॉलिसीत हे बसते काय, पाह."

लेकीनं घरी येऊन पहिला प्रश्न मला विचारला. "बाबा, नळ नऊलेच काहून येते?"

मला खरंच आठवत नव्हतं. "टेक्निकल कारण असंन," मी म्हटलं. तिनं वहीत लिहिलं, टेक्निकल कारण, आणि पुढे कंसात, सदस्य.

सभेची वेळ बदलून घेण्यासाठी ती सरपंचबाईंकडे गेली. प्रश्न बाईंना विचारला की उत्तर त्यांचे मालक देत. ते म्हणाले, दहाच बरी, पहिल्यापासून दहाच आहे. लेक नुसती बसून राहिली. बाईंकडे पाहत. दुसरा चहा झाला, तरी बसून राहिली. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "पाचले घ्या. बाया घरी आलेल्या असतात." मालक त्यांच्याकडे असे पाहू लागले, जणू टीव्ही आपोआप सुरू झाला.

सचिवांची काहीच हरकत नव्हती. ते म्हणाले, "पाचला घेऊ, साडेपाचला तहकूब करू. मला सहाची बस मिळते."

 मी बोटांवर मोजदाद केली. बायाबापड्या, भाऊबंद, माझे पाचसहा मतदार, गोळाबेरीज चाळीसच्या वर जाईना. लेकीला काही बोललो नाही. शिपायाला गाठलं.

आमच्या पंचायतीचा शिपाई म्हणजे एकटाच सगळी पंचायत आहे. रजिस्टर तो फिरवतो, नळ तो सोडतो आणि दवंडीही तोच देतो. हातात धरायचा एक भोंगा त्यानं पोहरादेवीच्या जत्रेत घेतला, तेव्हापासून तो सायकलवर दवंडी देतो आणि उतारावर हँडल सोडून देतो.

"काय सांगू भाऊ?" तो म्हणाला. "ग्रामसभा हाय म्हणून सांगून तर कोणी येत नाई. उलट घरी असलेले लोक वावरात जातात."

मी इकडेतिकडे पाहिलं. "सांग, पुण्याची पोरगी पॉलिसीची माहिती देणार हाय."

"विम्याची?"

"मी विमा म्हटलं काय?"

"नाई."

"मंग तूही नको म्हणू."

शिपाई हुशार आहे. त्यानं विमा म्हटलं नाही. फक्त त्या दिवसांत प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात पीक विमा घोळत होता, आणि भोंग्यातून गावभर ऐकू गेलं ते असं, "पंधरा ऑगस्टले संध्याकायी पाच वाजता शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. पॉलिसीवाली पोरगी पॉलिसीबद्दल सांगणार. आपापले कागद संगं आणा." शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं. मी तेवढं सांगितलं नव्हतं, पण थांबवलंही नाही.

पंधरा ऑगस्टला पावणेपाचलाच पटांगण भरायला लागलं. ज्यांना मी मतदानाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं, ते आले. निंदणाची टोळी हातपाय धुऊन आली. आबा पांढरी टोपी घालून पुढच्या रांगेत, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. शिपाई रजिस्टर घेऊन रांगांतून फिरत मोठ्यानं मोजत होता. एकशे तीन. एकशे आठ. एकशे एकोणीस.

सचिवांचा चेहरा पाहण्यासारखा होता. तहकुबीचा ठराव त्यांनी नेहमीसारखा आधीच लिहून आणला होता. आता तो त्यांनी खिशात ठेवला, पुन्हा काढला, उलटा करून पाहिला. "शंभर झाले तर पुढं काय करायचं असतं?" असं ते शिपायाला हळूच विचारत होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

आणि लेक. दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तो चेहरा. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी एका कामात दोघं असतात आणि काम होतं. त्या क्षणी मला वाटलं, आपण केलं ते बरंच केलं.

तिनं माईक हातात घेतला. तिनं तोंड उघडायच्या आत दुसऱ्या रांगेतला एक जण उठला. "बाई, दोन साल झाले, माया विमा आला नाई. कवा येते?"

"कोणता विमा, काका?"

"पॉलिसीचा." त्यानं पिशवी उंच केली.

मग तिला पिशव्या दिसल्या. जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक. सातबारे, पावत्या, आधार कार्डाच्या झेरॉक्स. तिनं शिपायाकडे पाहिलं. शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मी झेंड्याच्या खांबाकडे पाहत होतो.

 मनात म्हणत होतो, बोल बाई काहीतरी, दोन शब्द विम्यावर बोल, अन् मग तुझं सुरू कर. सभा पुरी होईल. तुला पाहिजे तेच होईल.

ती म्हणाली, "मी विम्याची नाई. मी शिकते त्यालेही पॉलिसीच म्हणतात, पण ते दुसरं हाय. तुमाले जे चुकीचं कळलं ते आमच्याच घरातून गेलं. माफ करा. ज्याले जायचं त्यानं जावं, मी थांबवणार नाई."

 मग कुठेतरी एक जण हसला आणि सगळे उठायला लागले. माणसं मागचं झटकत निघाली. मी फाटकात उभा राहून म्हणत होतो, "बसा ना, चहा सांगतला हाय." एक जण जाताजाता म्हणाला, "चहाची पॉलिसी हाय काय भाऊ?" दुसरा म्हणाला, "हा चार साल सदस्य हाय, तरी याची मॅच्युरिटी आली नाई." शिपाई आता उलटं मोजत होता. शंभर. एक्याण्णव. चौसष्ट. सचिवांना हायसं वाटलं. त्यांनी खिशातला कागद काढला आणि पहिल्यांदाच ठामपणे वाचला, "कोरमअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे."

लेक शाळेच्या पायरीवर बसली. वही मिटून मांडीवर. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण फाटक आणि पायरी यांच्यामध्ये जेवढं पटांगण होतं तेवढं ओलांडायची हिंमत होईना. माझ्या डोळ्यांसमोर कारंज्याचं कॉलेज आलं.

निंदणाची टोळी मात्र उठली नव्हती. त्यांच्याकडे पिशव्याच नव्हत्या. टोळीची मुख्य बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मंग तुयी पॉलिसी कायची व?"

लेकीनं मान वर केली. "काकू, नळ किती वाजता सोडाचा ते कोण ठरवते. काहून तसं ठरवते. अन् ते बदलता येते का. त्याची."

"एवढ्यासाठी पुण्याले गेली तू?"

"हाव."

"मंग विचार ना. कोण ठरवते?"

लेकीनं वही उघडली. सचिव पिशवीची चेन लावत होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाण्याचं काम सदस्यांपैकी एकाकडे असतं."

"कोणाकडे?"

सचिवांनी माझ्याकडे हात केला. उरलेल्या चौसष्ट माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टेक्निकल कारण हाय."

"कोणतं?" लेक म्हणाली. "ठराव हाय का?"

सचिव म्हणाले, ठराव काही नाही. शिपायालाच विचारा, सोडतो तो.

शिपायानं डोकं खाजवलं. "ठराव कायचा? मी पयले सहाले सोडत होतो. भाऊ निवडून आले त्या साली भाऊनं सांगतलं, तोंडात पेस्ट ठेवूनच. म्हणे, तू सहाले पाणी सोडलं का नळातून हवा येते, खालचा रिकामा हंडा वाजते, मायी झोप मोडते. मी उठलो का सोडत जा. भाऊ नऊले उठतात."

मला तेव्हा आठवलं. दात घासता घासता बोललो होतो. अंगणात, तोंडात पेस्ट, हातानं हंड्याकडे दाखवून. एक वाक्य. विसरूनही गेलो. त्या वाक्यावर चार वर्षं निम्म्या गावाच्या बाया संध्याकाळी हापशीवर उभ्या होत्या.

पटांगणात जे हसू झालं ते फाटकाबाहेर गेलेल्यांनी ऐकलं आणि त्यातले कितीतरी जण परत आले, विम्यासाठी नाही, माझ्यासाठी. सगळ्यांत मोठ्यानं हसले आबा. "तरी मी म्हणो," ते शेजारच्याला सांगत होते, "हा नऊपर्यंत काहून लोयते. याले वाटे पाणीच आलं नाई अजून."

मी उभा राहिलो. सदस्य झाल्यापासून सभेत बोलायला पहिल्यांदाच. म्हटलं, "हाव. मीच सांगतलं. अन् ते भोंग्याचंही मीच सांगतलं."

"भोंग्याचं माहीत हाय," टोळीची बाई म्हणाली. "नळाचं बोला. सहाले सोडसान काय?"

"सोडतो."

"ठराव घ्या मंग."

सचिव म्हणाले, ठराव घेता येणार नाही, सभा तहकूब झाली आहे.

"तहकूब म्हंजे?"

"पुढं ढकलली."

"कवावर?"

"आठ दिवसांनी. सकाळी द..." सचिवांनी बायांकडे पाहिलं आणि घड्याळाकडे. त्यांची सहाची बस तेव्हाच फाट्यावरून निघाली असावी. "पाचला," ते म्हणाले.

घरी आलो तशी लेक सरळ आत गेली. मी अंगणात हंड्याजवळ बसलो होतो. हंडा रिकामा होता, म्हणून आत डोकावलो.  थोड्या वेळानं ती आली आणि शेजारी बसली.

"बाबा, चाळीस आले असते तरी मी चाळीसच मोजले असते. मायं कामच ते हाय. आहे तेवढं मोजाचं. तुमी मले शंभर करून द्यायले गेले."

"तू परत येशीन असं वाटलं," मी म्हटलं. "घरी येशीन त्याचं दुःख नाई. पण हारून येशीन असं वाटलं."

तिनं वही उघडली. मग विचारलं, "पेस्ट तोंडात होती तवा बोलले होते ना? शिपायानं नऊ धरलं. तुमी खरंच नऊ म्हटलं होतं का?"

"मी उठलो का, असं म्हटलं होतं."

"बरोबर," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. त्यात एवढं बरोबर काय होतं ते मला कळलं नाही. पण लिहिताना ती मला पुण्याहून आली त्या दिवशीसारखी दिसत नव्हती.

आठ दिवसांनी तहकूब सभा भरली. पाच वाजता, पटांगणात. शंभर झाले नाहीत. लागतही नव्हते. पंचायतीच्या टेबलाभोवती मावले नसते एवढे मात्र होते. सरपंचबाईंनी स्वतः ठराव वाचला, मालक शेवटच्या रांगेत उभे होते. नळ सकाळी सहाला. सचिवांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सभेची सही सभेत केली. त्यांनी डागाचं पान उघडून दाखवलं. "यावेळी साबण नाही," म्हणाले. बस चुकलेल्या माणसाच्या मानानं हा विनोद बऱ्यापैकी चांगला होता.

तेव्हापासून मी सहाला उठतो. उठावंच लागतं, हंडा वाजतो. एकदोनदा बायकोला सुचवलं, हंड्याखाली गोणपाट टाक म्हणून. ती म्हणाली, "आधी सभेत मांडा."

लेक निघाली त्या दिवशी आम्ही तिला सोडायला कामरगावला गेलो, मी आणि आबा. जीपमध्ये तिनं मला तिच्या अहवालाची चारदोन पानं वाचायला दिली. मी त्यात होतो. सदस्य, पुरुष, वय सत्तेचाळीस. तीन ठिकाणी.

"मायं नाव काहून नाई?"

"नाव देत नसतात बाबा. लाज राखाची असते."

"अन् कारंज्याचं?" हे विचारायचं नाही असं मी घरून ठरवून निघालो होतो.

तिनं पानं परत घेतली आणि पिशवीत नीट ठेवली. "दोन ऑक्टोबरच्या सभेले येते," ती म्हणाली. "पाचलेच ठेवा. कोरम नाई झाला तरी मले खरं सांगा, किती आले."

बस लागली. ती चढली. आबा खिडकीखाली उभे राहून पिशवी नीट ठेव, पाणी पी, वगैरे सांगत होते. खिडकीजवळच्या सीटवरच्या एका माणसानं त्यांना विचारलं, "नात काय? काय शिकते?"

 आबांनी आत्तापर्यंत धरण ऐकलं होतं, विमा ऐकला होता. पटांगणातलं त्यांनी काय ऐकलं आणि कोणत्या कानानं, हे मी त्यांना विचारलं नव्हतं.

"नळ सोडाचा चार सालाचा कोर्स हाय," आबा म्हणाले. "पुण्याले."

"नळ सोडाले चार साल शिका लागते?"

"नळ सोडनं सोपं हाय हो," आबा म्हणाले. "तो कोणाच्या बापाचा हाय, ते शोधाले येळ लागते." आणि टोपी नीट करत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.